आईच्या तळपायासाठी लेन्स

आईच्या डाव्या तळपायावरचा काळा डाग मला पहिल्यांदा दिसला तेव्हा ती पलंगावर पाय पसरून मटार सोलत होती आणि मी खाली लादीवर बसून तिच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होतो. रविवारी सकाळी मुलुंडहून कांजूरमार्गला तिच्याकडे जायचं, गोळ्या भरायच्या, साखर तपासायची, चोरून खाल्लेल्या खाज्याबद्दल तिला रागवायचं आणि तिच्या हातची सोलकढी पिऊन परत यायचं, असा माझा कित्येक वर्षांचा नेम. त्या दिवशी मान वर केली तर तिचा तळवा बरोबर डोळ्यांसमोर आला. चवड्याखाली, रुपयाच्या नाण्याहून थोडा लहान, काळा डाग. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला फिक्या, एका बाजूला गडद.

“हे काय आहे?”

“खय?”

“पायाला. काळं.”

तिने पाय साडीखाली ओढून घेतला. “कुरूप आसा ता. जुना आसा.”

“कुरूप काळं असतं?”

“माका काय म्हायत? मी काय रोज माझो तळवो बघतंय?”

पुढे तिने मटाराच्या भावाचा विषय काढला आणि मीही तो वाढवला. घरी येऊन मात्र फोनवर वाचत बसलो आणि तिथेच माझी वाट लागली. आपल्यासारख्या सावळ्या माणसांना हा कातडीचा आजार झालाच, तर पुष्कळदा तळव्याला नाहीतर नखाखाली होतो, असं जिथे तिथे लिहिलेलं. कडा वेड्यावाकड्या. रंग एकसारखा नाही. आकार बदलतो. मी एकेक ओळ परत परत वाचत होतो. बायकोला हाक मारून फोन तिच्या हातात दिला. तिने पूर्ण वाचलं, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, “उद्याच दाखवू आईंना.”

बोलायला सोपं होतं ते. बाबा गेले ते ह्याच जातीच्या दुखण्याने, पोटाच्या. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून निभावलेला माणूस, एका तपासणीतून दुसऱ्या तपासणीत जाता जाता वर्षभरात संपला. त्या काळात आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी उच्चारलं नाही. ‘त्यांचं दुखणं’ म्हणायचो. अजूनही तसंच म्हणतो. आईच्या डोक्यात तेव्हापासून एकच बसलंय: “डॉक्टरान एकदा बघल्यान की सुरू होता सगळा.” साखरेच्या गोळ्यासुद्धा मीच जुन्या चिठ्ठीवर आणतो. तिला कातडीच्या डॉक्टरकडे न्यायचं तर कारण सांगावं लागणार, आणि ते कारण तिच्यासमोर उच्चारायची माझी छाती नव्हती.

बायकोची शाळेतली एक मैत्रीण नाशिकला कातडीचीच डॉक्टर आहे. बायकोने तिला फोन लावला. ती म्हणाली, सरळ कुणाला तरी दाखवा. बायकोने अडचण सांगितली, तेव्हा म्हणाली, बरं, मग आधी मला चांगला फोटो पाठवा, बघून सांगते ओढून न्यायची गरज आहे का. पुढच्या रविवारी आईचा डोळा लागला असताना मी फोनने चार फोटो काढले. तिचं उत्तर आलं: “ह्यात मला नुसतं काळं दिसतंय. रेघा दिसल्या पाहिजेत.”

मग तिने समजावलं. तळव्याच्या कातडीवर बारीक रेघा असतात, शेतात सरी-वरंबा असतो तशा. रंग सरीत, म्हणजे खाचेत, साठलेला असेल तर बहुतेक वेळा साधा तीळ. रंग वरंब्यावर, म्हणजे उंच भागावर असेल, तर ते चांगलं नाही. एवढं दिसेल इतक्या जवळून फोटो हवा.

माझ्याकडे एक छोटा मिररलेस कॅमेरा होता, सहलीला म्हणून घेतलेला. बरोबर आलेली लेन्स अशी, की जरा जवळ गेलं की फोकस सोडून द्यायची. म्हणजे अगदी जवळून मोठं करून काढणारी मॅक्रो लेन्स घ्यायला हवी. हे ठरलं आणि मला एकदम हुशारी आली. आता करण्यासारखं काहीतरी होतं.

मी वाचायला लागलो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, संडासातसुद्धा. मॅक्रोमध्ये मुख्य प्रश्न एकच असतो: किती लांबून काढायचं. आखूड लेन्स घेतली तर वस्तूपासून दोन बोटांवर जावं लागतं आणि आपलीच सावली पडते. मधली घेतली तर चार-पाच बोटं. लांब लेन्स घेतली तर जवळजवळ वीतभर अंतरावरून तेवढंच मोठं चित्र मिळतं, पण ती जड, छोट्या कॅमेऱ्याला तोल नाही, आणि हात जरा हलला की सगळं पुसलं. शिवाय नुसत्या रिंगा मिळतात जुन्या लेन्समागे लावायच्या. पुढे स्क्रू करायची भिंगं मिळतात. प्रत्येकाचे भक्त वेगळे आणि ते एकमेकांशी भांडतात. मी सगळ्यांची भांडणं वाचली. इकडे मत बनायचं, तिकडे मोडायचं, आणि मला ते बरं वाटायचं. लेन्स ठरत नव्हती तोवर फोटो नव्हता, आणि फोटो नव्हता तोवर आई ठणठणीत होती.

दोन रविवार असे गेले. दोन्ही वेळा मी तिच्याकडे जाऊन गोळ्या भरल्या आणि तळव्याकडे बघितलं नाही.

बायको शेवटी भडकली. “अरे, लग्नाला मुलगी बघताना एवढे दिवस लावले नव्हतेस तू. घाबरतोयस ना?”

“चुकीची घेतली तर परत घेणार का कोण?” मी ओरडलो.

“ओरडू नकोस. शनिवारी जायचं म्हणजे जायचं.”

अंधेरीला एक जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे, जिन्याखालचं. मालकाला स्वतःला नाद होता. भिंतीवर कोळ्याचा एक फोटो लावलेला, आठही डोळे आपल्याकडे रोखलेले. मी मॅक्रो म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला.

“काय काढणार? किडे की फुलं?”

मी बायकोकडे बघितलं. “किडे,” मी म्हणालो.

“झकास! बोरिवलीला नॅशनल पार्कात जा सकाळी सकाळी. नाहीतर आरे. माल आहे तिथे यार, माल.” त्याने तीन लेन्सेस काचेवर मांडल्या, आखूड, मधली, लांब. “बघा, हिशोब सोपा आहे. जो किडा जेवढा घाबरतो, तेवढं त्याच्यापासून लांब राहायचं. तुमचा किडा घाबरणारा आहे का?”

“खूप,” मी म्हणालो.

“मग ही लांबवाली घ्या. त्याला पत्तापण लागणार नाही.”

बायकोने आखूड लेन्स उचलली. लेन्सच्या तोंडाभोवतीच बारीक दिव्यांची कडी होती. “ही घे. लाईट हिच्यातच आहे. सावलीची भानगड नाही. लहान आहे, तुझ्या कॅमेऱ्याला शोभते.”

“त्या लेन्सने खूप जवळ जावं लागतं.”

“मग जायचं. हलतंय का पळतंय ते?”

मालक गोंधळून आमच्याकडे बघायला लागला. पळत नाही असा किडा त्याच्या अनुभवात नसावा. मी लांब लेन्स हातात घेतली. थंड, चांगली वजनदार. तिच्यातून भिंतीवरच्या कोळ्याकडे बघितलं, तर मी आपला लांब, सुरक्षित उभा. मी ती घेतली. बाहेर रिक्षा बघता बघता बायको म्हणाली, “आईचा पाय आहे तो. वीतभरावरून काय बघायचाय?” मला राग आला, कारण तिचं खरं होतं.

घरी सराव सुरू केला. आधी तूरडाळीचा दाणा, मग खिडकीतल्या मुंग्या. मग आपल्या अंगठ्याचा ठसा, सरी आणि वरंबे ओळखता यावेत म्हणून. तिथवर ठीक होतं. मग मी माझ्या दंडावरचा तीळ काढला. जन्मापासूनचा तीळ, कधी ढुंकून बघितलं नव्हतं त्याच्याकडे, तो स्क्रीनभर पसरला आणि मला दरदरून घाम फुटला. त्याच्याही कडा वेड्यावाकड्याच. मग बायकोच्या मानेवरचा काढला. तोही तसाच. इतक्या जवळून बघितलं की घरातलं काहीच धड नव्हतं. बायकोने पदर मानेभोवती ओढून घेतला आणि म्हणाली, “माझ्याकडे परत ते वळवलंस तर फेकून देईन.”

आईला सांगितलं की कुरुपाचा फोटो डॉक्टरला पाठवायचाय, ते बघून मलम लिहून देतात, जायला नको. ती जरा घुटमळली, मग हो म्हणाली. रविवारी आम्ही दोघं गेलो तर ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून, पावडर लावून तयार.

“तोंड येतला काय फोटोत?”

“आई, पायाचा फोटो आहे.”

“मगे मी पावडर कशाक लावलंय?” बायको हसली. मला हसू आलं नाही. तिच्या खोलीत पलंग, कपाट आणि गॅसचा ओटा, बाकी जागा नाही. स्टुलावर तिचा पाय ठेवला, टेबललॅम्प धरायला बायको, आणि मी कपाटाला पाठ टेकून लेन्स रोखली. वीतभर अंतरावरूनसुद्धा तो डाग माझ्यावर चालून आल्यासारखा वाटला. फोकस इतका बारीक की श्वास घेतला तरी निसटायचा. मी श्वास रोखायचो, त्याने छाती धडधडायची, धडधडीने हात हलायचा. दहा काढले तेव्हा एक स्पष्ट आला.

घरी मोठा करून बघितला. मला डॉक्टरीतलं काही कळत नाही, पण सरी आणि वरंबे आता ओळखू येत होते. काळं वरंब्यांवर होतं.

मी तो फोटो नाशिकला लगेच पाठवला नाही. बायकोला म्हटलं, फोकस नीट नाही, पुढच्या रविवारी परत काढतो. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातला कॅमेरा घेतला आणि स्वतःच फोटो पाठवला. उत्तर आलं: “पुढच्या आठवड्यात ह्याच अंतरावरून, ह्याच उजेडात अजून एक काढा. मग बोलते.” एवढंच. ठीक आहे असं लिहिलं नव्हतं.

तो आठवडा मी कसाबसा काढला. ऑफिसात आकडे चुकायचो. कुणाचा फोन वाजला तरी दचकायचो. आई रोज संध्याकाळी फोन करते, शेजारणीच्या कागाळ्या सांगते. एरवी मी हूं हूं करत दुसरं काहीतरी बघत असतो, त्या आठवड्यात एकेक शब्द ऐकला. तिच्याशिवाय रविवार कसा असेल असं मनात यायचं आणि मी तो विचार झुरळासारखा झटकायचो. परत यायचा. घाबरलेल्या माणसाला धीर देणाऱ्या सगळ्या म्हणी मला पाठ आहेत, दुसऱ्यांना ऐकवलेल्याही आहेत. एकही कामाला आली नाही.

दुसऱ्या रविवारी फोटो काढला आणि तिथेच, तिच्या पलंगावर बसून, दोन्ही शेजारी लावून बघितले. डाग बदलला होता. एका बाजूची कड सरकली होती, मध्ये एक फिकट पट्टा आला होता आणि दुसऱ्या बाजूला काळं आणखी गडद झालं होतं. बायकोने फोटो पाठवले. पाचेक मिनिटांत नाशिकहून फोन आला. बायको फोन घेऊन गॅलरीत गेली. मी दारातून तिची पाठ बघत होतो. ती “हं… हं…” करत होती आणि दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरला होता.

आत येऊन ती माझ्या कानाशी म्हणाली, “वरंब्यावर आहे म्हणते. आणि बदलतंय. थांबू नका म्हणते. सांगायला लागेल आईंना.”

मी आईसमोर लादीवरच बसलो. ती परत त्याच हिरव्या साडीत, पाय अजून स्टुलावर, आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

“आई,” मी म्हणालो, “तो पायाचा डाग… उद्या एका डॉक्टरकडे जायचंय.”

“कशाक? मलम देतले ना फोटो बघून?”

“ते कुरूप नसेल कदाचित.”

“कुरूपच आसा ता.”

“आई, ऐक जरा. तो वाढतोय. दोन फोटोत फरक आहे. बाबांना जे…” माझे डोळे भरून आले. मोठा माणूस समोर रडतोय हे बघून ती घाबरली असावी. तिने पाय खाली घेतला, पदर तोंडाशी नेला आणि एकदम म्हणाली:

“बिबो लावलंय मी.”

“काय?”

“बिबो. कुरूप ठणकता रे. मलमान काय होना नाय. शेजारणीन गावसून हाडल्यान, तो तापवन लावतंय.”

बिब्बा सुईला टोचून गॅसवर धरला की काळं तेल सुटतं. आमच्या गावाकडे कुरुपाला, भेगांना, काटा मोडला तर, सगळ्याला तेच लावतात. कातडी भाजते आणि काळा डाग पडतो. दोन वर्षांपूर्वी तिने गुडघ्याला लावला होता तेव्हा तो उतला, फोड आले, साखर असल्याने जखम महिनाभर भरली नाही. तेव्हा मी चाळभर ऐकू जाईल असा ओरडलो होतो आणि घरातले सगळे बिब्बे कचऱ्यात टाकले होते.

“आणि मग तो बदलतो कसा?” बायकोने विचारलं.

“ह्यो येवच्या आधी वज्रीन घासतंय. कळा नये म्हणान. जातच नाय मेलो. ठणकाक लागला की परत लावतंय.”

मी ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही. पाय कापायला लागला असता, असं काहीतरी. ओरडता ओरडताच हसायला लागलो. बायको हसता हसता रडायला लागली. तिने नाशिकला फोन लावून स्पीकरवर टाकला. “अगं, बिब्बा लावत होत्या आई!” बायको म्हणाली. मैत्रीण किंचाळलीच. “त्याचा रंग वरंब्यावरच बसतो गं. हुबेहूब तसाच दिसतो. काय माणसं आहात तुम्ही! आधी तो बिब्बा बंद करा. कातडी नवी आली की डाग जाईल. पण साखर आहे, तेव्हा पाय एकदा कुणाला तरी दाखवाच.”

आईने चहा टाकला. तिघंही मोठ्याने बोलत होतो. मला इतकं हलकं वाटत होतं की लेन्सने चहाच्या पातेल्याचा, गाळणीचा, आईच्या बांगड्यांचा फोटो काढला.

“पण तुमका काय वाटला होता?” चहा गाळता गाळता तिने विचारलं.

आता भ्यायचं काही कारण नव्हतं. बाबा गेल्यापासून त्या घरात जे नाव कुणी घेतलं नव्हतं, ते मी घेतलं. “कॅन्सर.”

तिने गाळणी तशीच कपावर धरली.

“माका कळला आसता मगे,” ती म्हणाली. “तसला दुखता ना?”

“नाही ना!” मी म्हणालो. जाणत्या माणसासारखा, लेन्सचं झाकण लावत. “तीच तर गंमत आहे. सुरुवातीला अजिबात दुखत नाही. म्हणून तर माणूस अंगावर काढतो.”

तिने गाळणी खाली ठेवली.

“आनी गाठ आसली तर? तीय दुखना नाय?”

मी वर बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. “गो, हकडे ये जरा,” तिने बायकोला जवळ बोलावलं, माझ्याकडे पाठ केली, आणि बायकोचा हात धरून आपल्या डाव्या काखेत नेला. बायकोचा चेहरा मला दिसत होता. ती हात हलवत नव्हती.

“कधीपासून आहे, आई?”

“गणपतीपासून आसतली. दुखना नाय म्हणान म्हटला काय नसतला.”

“अरे, सुपारीएवढी आहे,” बायको मला म्हणाली, हळू. “कडक आहे.”

मी कॅमेरा खाली ठेवला. आई वळली, पदर नीट केला, आणि माझा चेहरा बघून तिने दोन्ही हात पुढे केले, मला थोपवायला करावे तसे.

“तू बोंबलतलंस म्हणान सांगूक नाय रे.”

मी बोंबललो नाही. तिचे दोन्ही हात धरून तसाच उभा राहिलो, आणि बायको परत नाशिकचाच नंबर लावत होती.